आधी नाव सांगा

प्रेमानंद गजभिये आणि देवराव शेंडे एकाच वेळी, एकाच दारातून आत आले, तेव्हाच शेवंताच्या मनात पाल चुकचुकली. भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या तिच्या घरी दोघंही वर्षानुवर्षं येत होते, नाही असं नाही. पण प्रेमानंद यायचा तो गुरुवारी, देवराव यायचा तो रविवारी, आणि चुकून एकाच्या वेळेला दुसरा गल्लीच्या तोंडाशी आला तर तो सरळ पुढे निघून जायचा, जसं काही हुडकोत त्याच्या ओळखीचं कोणी राहतच नाही. आज दोघांनी चपला शेजारी शेजारी काढल्या. देवरावची एक चप्पल उलटी पडली, तर प्रेमानंदनं ती वाकून सरळ करून ठेवली. शेवंतानं ते पाहिलं आणि ओळखलं, हे काहीतरी मागायला आलेत.

समोरच्या खुर्चीत तिच्या नवऱ्याचा फोटो होता. आनंदराव नंदेश्वर, साऱ्या भिलाईचे दादा. पोलाद कारखान्यातल्या कोक ओव्हनच्या धगीत उमर घालवलेला माणूस, छाती आधीच कामातून गेलेली, आणि मागच्या आठवड्यात दाढी करता करता आरशासमोर खाली बसले ते उठलेच नाहीत. भंडारा-गोंदियाकडून पोटासाठी इकडे आलेल्या बौद्ध लोकांची समता आघाडी त्यांनी उभी केली होती. पाण्याच्या नळापासून ठेकेदाराच्या मजुरीपर्यंत लोक त्यांच्याकडे यायचे. मग आपल्या लोकांत जे नेहमी होतं तेच झालं. आघाडी फुटली. हुडकोचा गट प्रेमानंदचा, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीचा गट देवरावचा. चौदा एप्रिलला दोन मिरवणुका निघायच्या, आणि एका चौकात समोरासमोर आल्या की आपापल्या डीजेचा आवाज वाढवायच्या. बाबासाहेब दोन्हीकडच्या ट्रकवर एकाच सुटात उभे. दादा मात्र दोन्हीकडे मान्य. दोघंही त्यांना विचारायचे, दोघंही त्यांच्या पाया पडायचे.

"वहिनी, आमी एक होऊन राहिलो," प्रेमानंद म्हणाला. प्लांटमध्ये नोकरी, अंगावर पांढराशुभ्र शर्ट, बोलणं माईकवर असल्यासारखं. "रविवारी विहारात दादाची पुण्यानुमोदनाची सभा हाये. थ्याच सभेत, दादाच्या फोटोसमोर ऐक्य जाहीर करतो. तुमी मेणबत्ती लावा, दोन शब्द बोला. बस, एवढंच."

ऐक्य हा शब्द निघाला की आपले म्हातारे हसतात आणि पोरं मोबाईल काढतात. इतक्यांदा झालंय ते. शेवंता हसली नाही. निगमची, म्हणजे महापालिकेची, निवडणूक तोंडावर आली होती, हे तिला कळत होतं. दोन गटांत मतं फुटायची आणि दर खेपेला तिसराच कोणी निवडून यायचा, आणि आपल्या बस्तीतला नळ होता तसाच सुकत राहायचा. एक झाले तर चांगलंच होतं. पण चांगलं आहे म्हणून लगेच मान डोलवायची, अशी बाई ती नव्हती.

"आधी नाव सांगा," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"देवरावभाऊच्या मायच्या ट्रंकेतली गोष्ट ज्यानं बाहेर काढली, थ्याचं. माह्या माणसाच्या नावावर ऐक्य करून राहिले ना तुमी? मंग मोडलं कोणं होतं, थे बी लोकायले समजू द्या. नाव सांगतल्याशिवाय मी मेणबत्तीले हात लावत नाही."

देवरावनं मान खाली घातली. यार्डात गाड्या जोडण्या-सोडण्यात जन्म गेलेला हा दांडगा माणूस, पण मायचा विषय निघाला की अजून असा व्हायचा.

गोष्ट तशी लहान होती आणि आपल्या लोकांत तिच्याएवढी मोठी दुसरी नसते. देवराव त्या काळात चरोद्यात धम्माचे वर्ग घ्यायचा, घराघरांतून देवांचे फोटो उतरवून घ्यायचा. आणि भर सभेत प्रेमानंद उठून म्हणाला होता, याच्याच घरी मायच्या ट्रंकेत मरीमायचा टाक आहे, हा कोणाला धम्म शिकवून राहिला? देवरावनं छातीवर हात मारून सांगितलं, असं काही निघालं तर आघाडी सोडून जाईन. घरी गेला, मायला विचारलं. मायनं ट्रंक उघडली. चांदीचा टाक, देवी कोरलेला, गावाहून पदराआड आणलेला. देवरावला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर म्हातारी फार दिवस जगली नाही, आणि देवरावनं हुडकोच्या गटाचं तोंड पाहिलं नाही. प्रेमानंदला ही खबर दिली कोणी, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, शब्द दिला आहे.

"ठीक हाये वहिनी," प्रेमानंद म्हणाला. "रविवारच्या आत नाव देतो."

इतक्या झटकन? शेवंताला तेच खटकलं. दिलेला शब्द म्हणे. तो असा बिस्किटासारखा मोडतो का?

दोघं गेल्यावर तिची मुलगी करिष्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. नेहरू नगरातल्या कोचिंग क्लासमध्ये शिकवायची, अर्धं मराठी अर्धं हिंदी. "आई, छोड ना. इलेक्शन आहे म्हणून आले दोघं. तुला काय करायचं आहे नाव घेऊन?"

"तुह्या बापाची आघाडी मोडली ना थ्या नावानं."

"तो अब क्या, पोलीस बनशील?"

शेवंता पोलीस झालीच म्हणा ना. पुढचे दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे ती त्याच नजरेनं बघत राहिली. महिला मंडळाच्या बेबीताई गळ्यात पडून रडल्या, तर हिला वाटलं, ही चरोद्याला फार जायची तेव्हा. देवरावची बहीण केळी घेऊन आली, तर वाटलं, भावाशी हिचं पटत नव्हतंच. चहा घेऊन गेलेल्या माणसाची कपबशी विसळतानाही ती त्याची जुनी बोलणी आठवून चाचपत बसायची. आपल्या माणसांना असं जोखणं बरं नाही, हे तिला कळत होतं. तरी थांबवत नव्हतं. नवरा गेल्याचं दुःख होतं, पण दुःख नुसतं उशाशी बसून राहतं. संशयाला निदान काम असतं.

या सगळ्या गर्दीत तेजराम कापगते गुपचूप कामं करत होता. तो आपल्यातला नव्हता. साकोलीकडचा, शेतकरी घरातला, घरी देव्हारा, गणपती बसवणारा. पण कोक ओव्हनला आनंदरावांच्या जोडीनं घाम गाळलेला, आणि तेव्हापासून आपल्या स्कूटरवर दादांना साऱ्या भिलाईभर फिरवणारा. विहारात वंदना चालली की हा बाहेर पायरीवर हात जोडून उभा राही. आत ये म्हटलं की म्हणे, इथूनच बरं ऐकू येते. आता दादांच्या मागं तो सतरंज्या आणत होता, पाण्याचा ड्रम भरत होता, आणि कोणी रडायला लागलं की उठून अंगणात जात होता.

शुक्रवारी दुपारी प्रेमानंद एकटाच आला. दार लोटून बसला.

"सापडलं नाव, वहिनी."

"कोण?"

"तेजराम."

शेवंताला वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोला, त्याबरोबर जरा बरंही वाटलं. कारण तो आपला नव्हता. बेबीताई असती, देवरावची बहीण असती, तर अख्ख्या बस्तीत जीव तुटला असता. आणि मग भराभर आठवायला लागलं. दादांना घेऊन तेजराम चरोद्याला जायचाच की. फोन आला की आवाज बारीक करून कोपऱ्यात जायचा. देवरावच्या गटाची सभा असली की याला बरोबर ठाऊक असायचं. म्हणजे इतकी वर्षं याच घरात जेवून, याच घराला आग लावून... तिनं पदर तोंडाला लावला.

"थ्यानंच सांगतलं तुमाले?"

"थ्यानंच. देवरावच्या घरी दादाले घेऊन गेला होता, तवा पाहिलं म्हणे." प्रेमानंदला वाटलं असावं, बाईची अजून खात्री पटली नाही, म्हणून तो पुढं सरकला. "अवो, पुरा पत्ता सांगतला होता. ट्रंकेत खालून दुसऱ्या लुगड्याच्या घडीत, पोपटी खणात बांधलेला, खणाले काठ जांभळा. हे पाहिल्याशिवाय कोणी सांगन का?"

शेवंताचा पदर तोंडाशी होता तिथंच राहिला.

तो पोपटी खण तिचा होता. देवरावची माय घसरून पडली होती तेव्हा देवरावची बायको माहेरी होती, म्हणून शेवंता चरोद्याला जाऊन तिची सेवा करत होती. शेजारणीही येऊन-जाऊन असायच्या. एकदा बदलायला धुतलेलं लुगडं काढायचं म्हणून तिनं एकटीनं ट्रंक उघडली, आणि कुजलेल्या चिंधीत तो टाक हाताला लागला. म्हातारीनं तिचा हात धरला. "माह्या पोराले सांगू नोको वं बाई. थो मले टाकून देईन." शेवंतानं तिला थोपटलं, नाही सांगत म्हणाली, ती चिंधी फेकली, ओटीत आलेला आपला पोपटी खण पिशवीत होता त्यात टाक बांधला आणि होता तसा ठेवून दिला. खण पाहिला तो तिनं आणि म्हातारीनं. सभेच्या आधी दुसऱ्या कोणी नाही. तेजराम तर त्या घरात कधी ओसरीच्या पलीकडं गेला नव्हता.

आणि सांगितलं होतं तिनं एकाच माणसाला. जेवायला वाढता वाढता, हसत हसत. देवरावभाऊ साऱ्यांचे देव उतरवून राहिले आणि यांच्या मायनं माह्या खणात देव बांधून ठेवला. आनंदरावही हसले होते. नवऱ्याला सांगणं म्हणजे काही बाहेर सांगणं नव्हे, असं तिला वाटलं होतं. सभेत ते फुटलं तेव्हाही तिनं मनाची समजूत घातली होती की शेजारणी होत्याच ना, त्यातल्या कोणी पाहिलं असेल.

"प्रेमानंदभाऊ," ती म्हणाली, "थो खण माहा होता. तेजरामनं नाही पाहिला. तुमाले यायनं सांगतलं ना?" तिनं फोटोकडं बोट केलं.

प्रेमानंदनं फोटोकडं पाहिलं. मग त्यानं माईकवरचा आवाज सोडला आणि साध्या आवाजात म्हणाला, "चरोदावाले तवा देवरावले आघाडीचा अध्यक्ष करून राहिले होते, वहिनी. दादाले थे समजलं होतं. मले म्हणाले, तू बोल, माहं नाव येऊ देऊ नको. मी बोललो. मी त लहान होतो तवा, मले वाटलं दादा म्हणते म्हणजे बरोबरच असन."

म्हणून गुरुवार. म्हणून रविवार. दोघांची गाठ पडू नये म्हणून वार वाटून देणारे आनंदरावच होते, आणि तिला वाटायचं, किती जपतात बाई दोघांचं मन. तिला नवऱ्याचा असा राग आला की फोटो उपडा करून ठेवावा. जिवंत असते तर ताट आपटलं असतं. मेलेल्या माणसापुढं काय आपटायचं?

"मंग तेजरामचं नाव कावून घेता?"

"तुमीच नाव मागतलं ना?" प्रेमानंदही आता चिडला. "देवरावले सांगतलं मी काल. थो रडला, वहिनी. म्हणाला, सुटलो. आता दादाचं नाव कसं घेऊ? दादाचं नाव गेलं त दोन्ही गट गेले. गेलेल्या माणसाले पुन्हा कावून मारता? आन् तेजरामचं काय जाते? थो काही आपल्यातला नाही."

तो गेल्यावर तिनं देवरावला फोन लावला. सांगून टाकावं म्हणून लावला. पण तिकडून तोच आधी बोलला, "वहिनी, तुमचे उपकार झाले. तुमी आडून बसल्या म्हणून नाव निघालं. मन हलकं झालं माहं. आज कितीक दिवसानं जेवण गोड लागलं." शेवंतानं हूं हूं करून फोन ठेवला. आपण गप्प बसलो तर सगळं जमतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. दादांचं नाव राहतं, आघाडी होते, देवरावचं जेवण गोड राहतं. तिचं स्वतःचं तोंडही झाकलेलं राहतं, कारण पहिली चहाडी तिचीच होती. जातो तो फक्त एक माणूस, आणि तो काही बोलणार नाही.

रविवारी विहार भरून गेला. हुडको डावीकडे, चरोदा उजवीकडे, मधली वाट रिकामी. त्रिशरण झालं, पंचशील झालं. चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, शेवंतानं आवाज खाली घेतला. बाकीच्यांचा खणखणीत होता. मग प्रेमानंद माईकवर आला. दादांची थोरवी सांगितली, लोकांना रडवलं, आणि शेवटी म्हणाला की आपल्याला आपल्या लोकांनी नाही फोडलं. आपल्यात बसलेल्या परक्यानं फोडलं. दादांनी ज्याला भाऊ मानला, त्या तेजराम कापगतेनं.

सगळ्या माना दाराकडं वळल्या. तेजराम पाण्याच्या ड्रमपाशी उभा होता, एका म्हातारीला ग्लास भरून देत होता. म्हातारीनं घेतलेला ग्लास परत त्याच्या हातात दिला आणि न पिताच आत येऊन बसली.

देवराव उठला, मधली वाट ओलांडून गेला आणि प्रेमानंदच्या गळ्यात पडला. टाळ्या झाल्या. बायका डोळे पुसत होत्या. बेबीताईंनी शेवंताच्या हातात पेटती काडी दिली आणि माईक पुढं केला.

शेवंतानं काडी फुंकून विझवली.

"तेजरामनं नाही केलं," ती म्हणाली. आवाज हळू होता, पण माईक चांगला होता, शेवटपर्यंत गेला. "थो टाक मी पाहिला. मी माह्या माणसाले सांगतला. माह्या माणसानं प्रेमानंदभाऊले सांगतला, आन् सभेत बोलायले लावलं. देवरावभाऊ मोठे होऊन राहिले होते म्हणून. तुमाले दादानं फोडलं. पाप त्यायचं हाये आन् माह्या तोंडाचं हाये. देवरावभाऊ, तुमच्या मायले मी शब्द देला होता आन् थो मोडला. मले माफ करा."

तिनं देवरावकडं पाहिलं. बाकी कोणी मानो न मानो, हा तरी मानेल. याच्याच मायची गोष्ट होती. तो तिच्याकडं आला, दोन्ही हात जोडले, आणि फार मऊ आवाजात विचारलं, "वहिनी, हे बोलायले तुमाले कोणं सांगतलं?"

"कोणं सांगन? खरं हाये थे. प्रेमानंदभाऊले विचारा."

प्रेमानंदनं डोळे पुसले. "दुःखात हायेत वहिनी. नवरा गेल्यापासून झोप नाही. शुक्रवारी बी असंच काहीबाही बोलत होत्या. थ्या तेजरामनंच कान भरले असन, रोज घरीच त बसून राह्यते."

"पैसे खाल्ले असन निवडणुकीतल्या तिसऱ्याच कोणाचे," उजवीकडून कोणी म्हणालं.

"दादावर बोट दाखवते," डावीकडून कोणी म्हणालं. "दादावर."

बेबीताईंनी तिच्या हातून माईक काढून घेतला, प्रेमानं, लेकराच्या हातून सुरी काढून घेतात तसा. मेणबत्ती प्रेमानंद आणि देवराव या दोघांनी मिळून लावली. उजवीकडून चरोद्याच्या एका पोरानं दादांच्या नावाचा घोष सुरू केला आणि डावीकडच्या हुडकोनं तो पुरा केला. कितीतरी वर्षांनी असं झालं होतं. लोक उभे राहिले, मधली वाट भरून गेली, कोण कुठल्या बाजूचं ते कळेना. शेवंता भिंतीला टेकली. तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की लोक आपल्याला दगड मारतील किंवा आपल्याबरोबर रडतील. कोणी ऐकूनच घेणार नाही, हे काही तिच्या मनात आलं नव्हतं.

करिष्मा तिच्या कानाशी लागली. "आई, ये क्या किया तूने? आता कोण उभं राहील आपल्याजवळ?"

"चाल घरी," शेवंता म्हणाली.

गर्दीतून जाताना कुणी तिला पाहून अंग चोरलं नाही, पण कुणी सरकून वाटही दिली नाही. बाहेर पायरीखाली तेजराम रिकामा ड्रम उलटा करून ठेवत होता. त्याचे डोळे लाल होते.

"तुमी बोलायले नोको होतं, वहिनी," तो म्हणाला. "मी सहन केलं असतं. दादाचं नाव त राह्यलं असतं."

शेवंताला त्याचाही राग आला. ज्याच्यासाठी सगळं घालवलं, तोही हेच म्हणतो. मग तिनं पुढं होऊन ड्रमची दुसरी कडा धरली. करिष्मानंही हात लावला, आणि तिघं मिळून तो ड्रम विहाराच्या भिंतीशी लावायला लागली.

मागं दारात माणसं येऊन उभी राहिली होती. कोणीतरी दुसऱ्याला म्हणालं, "पाहा, मी म्हटलं नव्हतं? दोघंही मिळालेलेच होते." शेवंतानं मागं वळून पाहिलं नाही. पण आवाज हुडकोचा होता की चरोद्याचा, ते तिला आता ओळखता आलं नाही.